सव्वाबाराची सावली

पाठ टाचणावर मार्गदर्शक शिक्षकाची सही लागते. सही घ्यायला ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा मी प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत बसलो होतो. बी.एड.च्या शेवटच्या सत्रातली छात्राध्यापिका, आमच्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी. इंटर्नशिपसाठी तिने घराजवळची शाळा मागितली, तिला आमची मिळाली, आणि शाळेत विज्ञानाचा शिक्षक मी एकटाच, म्हणून मार्गदर्शकही मीच. तीन आठवडे मी शेवटच्या बाकावर बसून तिचे पाठ पाहत होतो आणि निरीक्षण तक्त्यावर 'फलकलेखन चांगले', 'आवाज स्पष्ट' असलं काहीतरी लिहीत होतो. त्यापलीकडे तिच्याशी बोलणं टाळत होतो.

टाचणाच्या वर लिहिलं होतं : सावलीवरून पृथ्वीचे मोजमाप, इयत्ता नववी. प्रस्तावनेच्या रकान्यात एक ओळ होती : 'शिक्षिकेचा स्वतःचा अनुभव, मोजमापातील चूक.'

"हे काय लिहिलंस?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा सांभाळून.

ती हसली. म्हणाली, कॉलेजात त्यांच्या प्राध्यापिकेने एक किस्सा सांगितला. कुठल्याशा खेड्यातल्या शाळेने परदेशातल्या शाळांसोबत एकाच दिवशी सावली मोजली, एका मुलीचं घड्याळ चुकीचं होतं म्हणून सगळी गणितं हुकली, आणि मग तिथल्या सरांनी त्या चुकीवरूनच मुलांना शिकवलं.

"मी उभी झाली, सर, अन् सांगतलं, मॅडम, ते पोरगी मीच हाय. अख्खा वर्ग हासला."

वर्ग हसला हे सांगताना तीही हसत होती. मी सही केली.

तो किस्सा माझा होता. शिक्षकांच्या प्रशिक्षणांत मी तो कितीदा सांगितला असेल, मोजलं नाही. मला बोलवायचेच त्यासाठी. विषय असायचा विज्ञान अध्यापनातला जागतिक दृष्टिकोन, आणि आमच्या भागात परदेशी शाळेशी प्रत्यक्ष संबंध आलेला शिक्षक म्हणून माझं नाव पुढे यायचं. मी उभा राहून सांगायचो की एका विद्यार्थिनीची चूक झाली आणि आम्ही सगळे त्यातून शिकलो. लोक माना डोलवायचे. किस्सा एकाकडून दुसऱ्याकडे जात जात तिच्या कॉलेजपर्यंत पोहोचला होता.

तिची चूक झाली नव्हती. हे मला आठ वर्षांपासून माहीत होतं. आणि परवा ती चाळीस मुलांसमोर उभी राहून स्वतःच्या तोंडाने सांगणार होती की ती चुकली होती.

मी मुळात कमी बोलणारा माणूस आहे. लोकांना तो माझा स्वभाव वाटतो. त्यातलं किती स्वभाव आणि किती भीती, हे आता मलाही नीट सांगता येणार नाही. पण झालं ते सांगतो.

आठ वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या एका बैठकीत आम्हाला या उपक्रमाची माहिती मिळाली. दिवस आणि रात्र सारखी असते त्या मार्चमधल्या दिवशी वेगवेगळ्या देशांतल्या शाळांनी मीटरभर उंचीची काठी उभी करायची, दुपारी दर पाच मिनिटांनी तिची सावली मोजायची आणि आकडे एकमेकांना पाठवायचे. त्यावरून मुलांनीच पृथ्वीचा घेर काढायचा. मी नाव दिलं. आमच्या गटात केनियातली एक शाळा आली आणि नॉर्वेतली एक. साकोली तालुक्यातलं आमचं गाव, सानगडीच्या बाजाराला निम्मा वर्ग गायब होणारी शाळा, आणि फळ्यावर मी खडूने केनिया, नॉर्वे आणि आपण असा त्रिकोण काढला. मुलं खुळावली होती. एकाने विचारलं, तिथं पण सूर्य हाच का, सर? सगळे त्याच्यावर हसले. मीही हसलो. त्या प्रश्नात किती होतं ते तेव्हा कळलं नाही.

मुख्याध्यापकांनी बॅनर छापून घेतला. त्यावर 'जागतिक' हा शब्द माझ्या डोक्याएवढा मोठा होता. स्थानिक पेपरात फोटो आला. त्या फोटोत मी मधोमध आहे.

उपक्रमाची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. मला इंग्रजी वाचता येतं, पण पानामागून पान वाचायला लागलं की दम लागतो. पहिली चार पानं वाचली, आकृत्या पाहिल्या, बाकीचं सोडलं. काठी उभी करायची, सावली मोजायची, त्यात वाचायचं ते काय, असं स्वतःला समजावलं.

मोजणीचं काम मी तिला दिलं. ती नववीत होती. वर्गात पहिली नव्हती, पण हात स्थिर होता आणि घाई नव्हती. वडील तलावाच्या गेटवर चौकीदार. रोज सकाळी पाण्यात उभी असलेली पट्टी वाचायची आणि पाणी किती आहे ते खात्याच्या रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्यासोबत जायची. तिला मी विचारलं होतं, आकडा दोन रेषांच्या मध्ये आला तर काय करशील? ती म्हणाली, "बाबा म्हणते, जे दिसते तेच लिहाचं. आपल्याले पाहिजे ते नाही."

त्या दिवशी ती वडिलांचं मनगटी घड्याळ घालून आली. पट्टा सैल, सारखा कोपराकडे सरकत होता. मैदानात लोखंडी सळई ओळंबा लावून सरळ केली, खाली पांढरा चार्ट पेपर अंथरला. सावलीचं टोक नीट रेघेसारखं नसतं, धुरकट असतं. ती गुडघ्यावर बसून, डोळा जमिनीला लावून, त्या धुरकट भागाचा मध्य शोधायची आणि पेन्सिलीने टिंब द्यायची. मी थोडा वेळ थांबलो आणि चहाला निघून गेलो. हेही आता लिहायलाच हवं.

परत आलो तर तिची वही भरलेली होती. बारा वाजता ३९.२ सेंटिमीटर. बारा पाचला ३८.८. बारा दहाला ३८.५. सव्वाबाराला ३८.४ आणि बारा वीसलाही ३८.४. मग पुन्हा वाढत गेलेली.

मी म्हटलं, हे चुकलंय. सर्वांत लहान सावली बाराला पाहिजे. मध्यान्ह म्हणजे बारा.

"पण सर, बारा वाजता कमी होऊनच राहिली होती," ती म्हणाली. "सव्वाबारापर्यंत कमी झाली. मी तीनदा पाह्यली."

"मग घड्याळ पुढे असेल तुझं."

ती घड्याळाकडे पाहत राहिली.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी लिहीत नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत आम्ही रीडिंग बसवतो. उत्तर काय यायला हवं ते आधी ठाऊक असतं. लंबकाचा प्रयोग असो की भिंगाचा, मुलं आकडे पेन्सिलीने लिहितात, उत्तर जुळतं का पाहतात, नाही जुळलं तर उलटीकडून गणित करून आकडे दुरुस्त करतात आणि मग शाईने गिरवतात. मी विद्यार्थी होतो तेव्हा मला असंच शिकवलं गेलं, आणि मी शिक्षक झालो तेव्हा असंच शिकवलं. वही नीटनेटकी दिसते. परीक्षकाला त्रास होत नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

मी तिला कोरा कागद दिला आणि शेजारी बसून रीडिंग बसवली. बाराच्या समोर ३८.४. त्याच्या दोन्हीकडे हळूहळू वाढत जाणारे आकडे. ती लिहीत होती, मी सांगत होतो. सुंदर तक्ता झाला. तिच्या वहीतलं मूळ पान मी फाडून घेतलं, उगाच गोंधळ नको म्हणून. फेकून मात्र दिलं नाही. का दिलं नाही, सांगता येत नाही. कपाटात लोलकाच्या डब्याखाली सरकवलं.

इथपर्यंतचं पाप अज्ञानाचं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. त्यात थोडंफार तथ्यही असेल. पुढच्याला ते नाव देता येत नाही.

आठवड्याभरात दोन्ही शाळांचे कागद आले. नॉर्वेतल्या मुलांचा फोटो बर्फावर, सावली काठीपेक्षा लांब. एका आकड्यावर काट मारलेली, बाजूला लिहिलेलं की वाऱ्याने काठी कलली. केनियातल्या मुलांची काठी आणि तिच्या बुडाशी जवळजवळ काहीच नाही. त्यांच्या तक्त्यात तीन रकाने रिकामे होते आणि त्यात लिहिलं होतं, ढग. आमच्या वर्गात त्या फोटोवरून गंमत चालली होती. केनियाच्या पोराइची सावली कोणं चोरली गा, असं एक जण दुसऱ्याला विचारत होता. मी मात्र ते कागद पाहून मनात म्हटलं, केवढा गबाळेपणा. आमचा तक्ता बघा.

मग केनियातल्या बाईंचा मेल आला. विज्ञानाच्या शिक्षिका होत्या. मी तो फोनवर भाषांतर करून वाचला, आणि मग शब्दकोश घेऊन मूळ इंग्रजीतून वाचला. भाषा गोड होती. त्यांनी लिहिलं होतं की तुमचा तक्ता फार नेटका आहे, पण तुमची सर्वांत लहान सावली बरोबर बारा वाजता आली आहे. तुमचं घड्याळ सगळ्या देशासाठी एकाच रेखांशावर चालतं आणि तुमचं गाव त्या रेषेच्या पश्चिमेला आहे, शिवाय मार्चमध्ये सूर्य घड्याळाच्या थोडा मागे असतो. माझ्या हिशोबाने तुमची मध्यान्ह बारा वाजून सतरा मिनिटांच्या आसपास यायला हवी. शेवटी एक वाक्य होतं. तुमच्या मुलांनी खरंच काय पाहिलं ते त्यांना विचाराल का?

मी कपाट उघडलं. लोलकाच्या डब्याखालचं पान काढलं. सव्वाबारा, ३८.४. बारा वीस, ३८.४. दोन्हींच्या मधोमध सतराच्या आसपासच येत होतं.

आमच्या भूगोलाच्या पुस्तकात हे आहे. एक अंश रेखांशाला चार मिनिटं. मुलांना त्यावर परीक्षेत प्रश्न येतो. पण तो भूगोल, दुसऱ्या तासाचा, दुसऱ्या शिक्षकाचा. विज्ञानाच्या तासाला माझ्या डोक्यात बारा म्हणजे बारा होतं. दुसऱ्या खंडातल्या, आमचं गाव कधी न पाहिलेल्या बाईला आमच्या मैदानावरचा सूर्य कुठे असेल ते कळत होतं, आणि त्याच मैदानात उभं राहूनही मी ते पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं फक्त एका चौदा वर्षांच्या मुलीने, आणि तिचं पान माझ्या हातात होतं.

त्या वेळी दोन ओळी लिहायच्या होत्या. आमच्या विद्यार्थिनीने बरोबर मोजलं होतं, मी बदललं. बास.

मुख्याध्यापक मागे येऊन उभे राहिले. काय म्हणतात केनियावाले, त्यांनी विचारलं. व्हिडिओ कॉलला चार दिवस होते, संस्थेचे लोक येणार होते. मी म्हटलं, वेळेत थोडी गडबड आहे, पोरीच्या घड्याळाची चूक दिसते. ते म्हणाले, मग तसं कळवून टाका. मी कळवलं. विद्यार्थिनीचं घड्याळ चुकीचं होतं, क्षमस्व. इंग्रजीत ते वाक्य लिहायला मला अजिबात वेळ लागला नाही.

वर्गातही तसंच सांगितलं. तिच्याकडे न पाहता. आणि कॉलला बोलायला तिच्याऐवजी दुसऱ्या मुलीला बसवलं, इंग्रजी बरं बोलते असं कारण देऊन. कॉलच्या दिवशी केनियाच्या बाईंनी विचारलं, जिने मोजलं ती मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, आज आली नाही. संगणक खोलीच्या खिडकीला जाळी होती. जाळीच्या पलीकडे व्हरांड्यात ती उभी होती, बाकीच्या मुलांच्या मागे, टाचा उंचावून.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. खाकी शर्ट, हातात रुमालात गुंडाळलेलं घड्याळ. व्हरांड्यातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"सर, पोरगी दोन दिवसापासून जेवत नाही," ते म्हणाले. "म्हणते माह्या घडीनं सगळ्याइचं नुसकान झालं. मी हे रोज मोबाइलसंग मिळवतो. रजिस्टरात टाइम लिहा लागते ना. मांगंपुढं एक मिनिट नाही जात."

त्यांनी रुमाल उघडला. ते घड्याळ आणि व्हरांड्याच्या भिंतीवरचं घड्याळ, दोन्हींत एकच वेळ होती. त्यांनी ते बोट ठेवून दाखवलं नाही. फक्त माझ्या समोर धरून उभे राहिले. मला दिसावं एवढंच.

"तुमी सांगा, सर. घडी खराब हाय का?"

माझ्या तोंडातून शब्द निघाले की त्या दिवशी मागे-पुढे झालं असेल, सेल कमजोर असला की असं होतं. त्यांनी घड्याळ रुमालावर ठेवलं. मग म्हणाले, असन. रुमाल पुन्हा बांधला. नंतर कळलं की ते साकोलीला घड्याळवाल्याकडे गेले होते. त्याने उघडून पाहिलं, काही बिघाड नाही म्हणाला. तरी त्यांनी सेल बदलून घेतला.

ती दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढे कॉलेजला जाताना एकदा बसस्टॉपवर भेटली, तेव्हा बायोलॉजी घेतलं म्हणाली. मी विचारलं नव्हतं तरी तिने कारण सांगितलं : "मोजमाप जमत नाही ना मले, सर." सहज म्हणाली, जसं कुणी पोहता येत नाही म्हणावं.

हे सगळं घेऊन मी परवाच्या त्या पाठाला मैदानात गेलो. परीक्षा आता एप्रिलमध्ये गेल्यात आणि सकाळची शाळा सुरू व्हायची होती, म्हणून भर दुपारचा तास मिळाला. योगायोगाने नव्हे, तिने तारीख बघूनच टाचण केलं होतं. दिवस-रात्र सारखी. तीच सळई भांडारातून काढली होती, थोडी गंजलेली. ओळंबा, चार्ट पेपर. मुलांचे तीन गट. मी निरीक्षण तक्ता घेऊन कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. शर्टाच्या खिशात ते जुनं पान होतं. सकाळी लोलकाच्या डब्याखालून काढलं होतं. का काढलं, काय करायचं, तोपर्यंत ठरवलं नव्हतं.

पावणेबाराला तिने सुरुवात केली. केनियाची काठी, नॉर्वेची काठी, एकाच दिवशी तीन सावल्या, तिने फार चांगलं सांगितलं. मी इतक्या वर्षांत असं सांगू शकलो नव्हतो. मग ती म्हणाली, "आता माही गोष्ट आयका. मी तुमच्याएवढी होती तवा इथंच, याच जागेवर मी मोजलं. अन् चुकलं. माह्यामुळे शाळेची इज्जत गेली."

"इज्जत कशी गेली, मॅडम?" पुढच्या एका मुलीने विचारलं.

"बारा वाजता सर्वात लहान सावली याले पाहिजे. माह्याजवळ सव्वाबाराले आली. घडी बेकार होती."

मुलं हसली. तीही हसली आणि माझ्याकडे एक नजर टाकली, किस्सा बरा जमला ना, अशा अर्थाने. मी मान हलवली. हो, मान हलवली. आठ वर्षांनंतरही शरीर आपोआप तेच करत होतं.

अकरा पंचावन्न. ३९.७. गटप्रमुखाने मोठ्याने वाचलं, दुसऱ्याने लिहिलं.

बारा. तिने सांगितलं, आता पहा, ही सर्वात लहान. ३९.२.

मी खुर्चीच्या हाताला धरलं. आणखी पाच मिनिटांत सावली कमी होणार होती. हे मैदानात फक्त मला माहीत होतं. तिला वाटणार पुन्हा आपलं काहीतरी चुकलं. आणि या वेळी समोर तिचे विद्यार्थी होते, आणि घड्याळ मोबाइलचं होतं, त्याला दोष देता येत नाही. दोष मग कुणाला द्यायचा? स्वतःला. ते तिला सवयीचं झालं होतं, मीच सवय लावली होती.

बारा पाच. गुडघ्यावर बसलेल्या मुलाने पट्टी लावली, उचलली. पुन्हा पट्टी लावली.

"बोल ना गा," दुसरा म्हणाला.

"३८.८ येऊन राहिली, मॅडम."

तिचा चेहरा मी पाहिला. तोच चेहरा, नववीतला, घड्याळाकडे पाहणारा. ती खाली बसली, स्वतः पट्टी लावली. ओळंबा तपासला. सळई हलली का विचारलं. मुलं म्हणाली, नाही मॅडम, कोणीच हात नाही लावला. तिने मोबाइल काढून वेळ पाहिली, मग दुसऱ्याचा मोबाइल मागितला, माझा. मी दिला. दोन्हींवर एकच वेळ.

बारा दहा. ३८.५.

"कमीच होऊन राहिली," कुणीतरी म्हणालं. "सूर्य पगलावला का मॅडम?"

या वेळी ती हसली नाही. खडू हातात घेऊन उभी होती, आणि मुलांच्या वहीकडे बघून हळूच म्हणाली, "एक काम करा, हे बाराच्या समोरचं पेन्सिलीनं लिहा. नंतर बघू."

पेन्सिलीनं लिहा. तो शब्द माझा होता. तो तिला मी दिला होता, आणि ती आता पुढच्यांना देत होती. मी उठलो. तक्ता खुर्चीवरून खाली पडला, तो तसाच राहू दिला.

"पेनानं लिहा," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला, मुलं दचकली. "सगळं पेनानं. खोडायचं नाही."

"सर, पण..."

"मॅडम चुकल्या नव्हत्या." मी हे मुलांकडे बघून म्हणालो, कारण तिच्याकडे बघून जमलं नसतं. "आठ वर्षांपूर्वी त्यांनी बरोबर मोजलं होतं. सव्वाबाराला लहान सावली हेच बरोबर. मला माहीत नव्हतं, मी त्यांचे आकडे बदलले. मग मला माहीत झालं, तरी मी त्यांच्यावरच ढकललं. घड्याळ चांगलं होतं."

मी खिशातलं पान काढून तिच्यासमोर धरलं. घड्या पडून त्यावर चार चौकोन उमटले होते. पेन्सिल फिकी झाली होती, पण वाचता येत होती.

तिने पान घेतलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. मला वाटलं रडेल, किंवा काही बोलेल. तिने मुलांना विचारलं, किती वाजले? कुणी म्हणालं, सव्वाबारा व्हाले एक मिनिट. "मंग पहा ना, काय करून राहिले?" ती म्हणाली, आणि पान उघडं ठेवून सळईजवळ गेली.

सव्वाबारा, ३८.४. बारा वीस, ३८.४. मुलगा आकडा सांगायचा आणि ती पानावर बोट ठेवायची. बारा पंचवीसला वाढली तेव्हा पोरं ओरडली, जणू मॅच जिंकली. ती ओरडली नाही. आकडे फळ्यावर घ्यायला सगळ्यांना वर्गात पाठवलं. मैदानात आम्ही दोघंच उरलो. ती चार्ट पेपर गुंडाळत होती.

मी म्हणालो, मला माफ कर असं म्हणणार नाही. ती म्हणाली, "नका म्हणू."

मग थोड्या वेळाने, कागद गुंडाळता गुंडाळताच : "बाबाले सांगा, सर. मले सांगतलं, पोराइले सांगतलं, ते झालं. पण बाबानं ते घडी तवापासून घातली नाही. पेटीत ठेवून हाय. तुमी जाऊन सांगा. मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तलावाच्या गेटवर पोहोचलो. पाळीवर, तलावाच्या बांधावर, धुकं नव्हतं, मार्चमध्ये कुठलं. ते पायऱ्यांवर बसून रजिस्टर मांडीवर घेऊन होते. केस पांढरे झाले होते. मला ओळखलं. उठले नाहीत, बसा म्हणाले.

मी सगळं सांगितलं. पान, मेल, व्हरांड्यातलं ते खोटं. ते ऐकत होते आणि पाण्याकडे पाहत होते. मी थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "पोराइच्या समोर सांगतलं का, का एकटीले?"

"सगळ्यांसमोर."

"हं."

त्यांनी मग रजिस्टर उघडून पेनाचं टोपण काढलं आणि पाण्यात उभ्या असलेल्या पट्टीकडे हनुवटीने खूण केली.

"वाचा बरं, सर. किती हाय?"

मी पायऱ्या उतरून खाली गेलो. पाणी किंचित हलत होतं, पट्टीवर वर-खाली होत होतं. दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी. मी वाट पाहिली, पुन्हा पाहिलं, आणि दिसला तो आकडा सांगितला.

ते लिहायला वाकले, आणि थांबले. रजिस्टर पायरीवर ठेवून माझ्या शेजारी येऊन वाकले, डोळे बारीक करून पट्टी स्वतः वाचली, आणि मगच वर जाऊन आकडा लिहिला.